नमुना क्रमांक एकशे सतरा

लॅबच्या तिसऱ्या कपाटात, खालच्या फळीवर,
उंच काचेच्या बरणीत
तो उभा आहे, शेपटी दुमडून.
लेबल आजवर चार वेळा चिकटवलं मी.
शाई उडालीय. एवढंच लागतं:
महाकाय सॅलमँडर. पुढे नदीचं नाव असावं,
तिथे फॉर्मेलिनचा ओघळ.

बिराजदार मॅडम दरवर्षी सांगतात
आणि मी दाराशी उभा राहून ऐकतो, एकतीस वर्षं:
याला फुप्फुसं असून नसल्यासारखी.
हा कातडीनं श्वास घेतो,
अंगावरच्या झालरीसारख्या वळ्यांतून,
वाहत्या गार पाण्यातला.
पाणी थांबलं की हा गुदमरतो,
पाण्यातच.

पोरं लिहून घेतात.
मी मनात म्हणतो, आणि याला आणून ठेवलं कुठं,
तर सोलापुरात,
जिथं नळ पाचव्या दिवशी येतो
आणि मे महिन्यात बरणीसुद्धा चटका देते.

मॅडम पूर्वी लिहायच्या, 'आढळतो'.
मग, 'क्वचित आढळतो'.
यंदा फळ्यावर लिहिलं, 'आढळत असे',
आणि डस्टर हातात घेऊन थांबल्या.
पुसलं. परत 'आढळतो'.
पुढे प्रश्नचिन्ह.

बंधारे, त्या म्हणाल्या. उपसलेली वाळू. हॉटेलातली ताटं.
नर बिळाच्या तोंडाशी महिनोन् महिने अंडी राखत बसतो,
शेपटीनं पाणी हलवत राहतो त्यांच्यावर.
हे सांगताना त्यांनी स्वतःचा हात हलवला,
पाळणा हलवावा तसा, त्यांच्या लक्षात नाही आलं.

माझे वडील नरसय्या दासरी
जेकार्डच्या मागावर चादरी विणायचे.
माग भंगारात गेला, तेव्हा त्यांनी
नक्षीची भोकं पाडलेली पुठ्ठ्यांची माळ तेवढी घरी आणली.
मोर होता तीत.
माग नाही, सूत नाही, मोर आहे.
बरणी पुसताना मला ती माळ आठवते,
पण जुळत नाही.
माळेवरून उद्या कुणी मोर विणेलही.
याच्यावरून काय विणणार?

मेच्या अठरा तारखेला बरणी तडकली.
सुट्टी. मी एकटा. डोळ्यांना झोंबणारा वास.
दोन्ही हातांनी उचलला त्याला पहिल्यांदा.
वजन, दवाखान्यातून घरी आणलेल्या पोराएवढं.
डोळे राळ्याच्या दाण्याएवढे, पापणीशिवाय.
तेवढ्यात नळ खाकरला.
आधी नुसती हवा, मग लाल, मग पाणी.
काही होणार नाही हे मला माहीत होतं.
तरी धरला त्याला धारेखाली,
बादली भरून वाहायला लागली तरी धरला.
कातडीची एक वळी हलली.
पाण्यानंच. पाण्यानंच हलली.
मग आमच्याच पेठेत विणलेल्या टॉवेलात गुंडाळून
बसून राहिलो, नवी बरणी कुणाकडे मागायची या विचारात.

जुलैत पहिल्या वर्षाची शिवलीला हत्तुरे
फोन घेऊन आली. मामा, हे बघा.
जपानातली नदी, रात्र, बंधारा,
आणि बंधाऱ्याच्या कडेला सिमेंटच्या बुटक्या पायऱ्या.
माणसांसाठी नाहीत, ती म्हणाली.
आपला एकशे सतरा चढत होता त्यांवरून,
जिवंत, चिखलाच्या रंगाचा.
एक पायरी. घसरला. परत.
मग दम लागलेला माणूस थांबतो तसा थांबला, न लाजता.
सातव्या पायरीवर व्हिडिओ संपला.
पुढचं?
एवढंच आहे, मामा.

नव्या बरणीला नवं लेबल लिहिलं मी.
नमुना क्रमांक ११७. नदी: विचारणे.
आणि रजिस्टरला चालणार नाही म्हणून
खाली पेन्सिलीनं, बारीक:
आठवी पायरी बघायची राहिलीय.